महापालिकेत विशेष प्रकल्पाची जबाबदारी आली की: पहिल्या आदेशापासून हस्तांतरणापर्यंत

उड्डाणपूल, नदीकाठ सुधारणा, समान पाणीपुरवठा, बीआरटी (बससाठी राखीव मार्गिका), मोठे रुग्णालय किंवा नाट्यगृह, अशी जी कामे एका खात्याच्या हद्दीत मावत नाहीत ती महापालिकेत विशेष प्रकल्प म्हणून वेगळी काढतात. ती सांभाळणाऱ्याचे पदनाम शहरागणिक बदलते. कुठे अधीक्षक अभियंता (विशेष प्रकल्प), कुठे उपायुक्त, कुठे आयुक्तांच्या कार्यालयातला विशेष कार्य अधिकारी, तर कुठे करारावर घेतलेला प्रकल्प व्यवस्थापक. पदनाम कोणतेही असो, अडचण एकच असते. जबाबदारी पूर्ण तुमची, पण जागा मालमत्ता खात्याकडे, पैसा लेखा विभागाकडे, झाडे उद्यान खात्याकडे, जलवाहिन्या पाणीपुरवठ्याकडे आणि रस्ता बंद करण्याचा अधिकार वाहतूक पोलिसांकडे. म्हणून या पदावरचे खरे काम बांधकामाचे नाही. या सगळ्यांकडून तारखा घ्यायच्या, त्या एकमेकींना जुळवायच्या आणि पाळून घ्यायच्या, हे ते काम. स्थापत्य अभियांत्रिकी येत असेल तर उत्तम, पण नुसत्या तिच्या बळावर प्रकल्प पुरा होत नाही.

पुढची माहिती पुण्यासारख्या, म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू असलेल्या शहरांना धरून दिली आहे. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा आहे. तिथे कलमांचे आकडे बदलतात, कामाची रीत बदलत नाही.

आदेश नीट वाचा, अपुरा असेल तर बदलून घ्या

रुजू होताना हातात कार्यालयीन आदेश येतो. 'अमुक प्रकल्पाचे समन्वयन करावे' एवढेच त्यात असेल तर तो अपुरा आहे. चार गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात: तुम्ही कोणाला उत्तरदायी (आयुक्त, अतिरिक्त आयुक्त की शहर अभियंता), फाइल तुमच्यामार्फत जाणार की नुसती माहितीसाठी येणार, देयकावर तुमची सही लागणार का, आणि इतर खात्यांतले कोणते उपअभियंते, कनिष्ठ अभियंते या प्रकल्पासाठी नेमून दिले आहेत. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता नावानिशी नेमलेला नसेल, तर दर बैठकीला वेगळा माणूस येतो आणि 'साहेबांना विचारून सांगतो' म्हणून निघून जातो. सुधारित आदेश पहिल्या आठवड्यात मागितला तर सहज मिळतो. सहा महिन्यांनी मागितला तर ती तक्रार वाटते.

पहिले पंधरा दिवस: फाइल आणि पायपीट

जुना प्रकल्प हाती आला असेल तर फाइल मागून पुढे वाचा. टिपणीची बाजू आणि पत्रव्यवहाराची बाजू, दोन्ही वाचा. वाचताना एक तक्ता करा: तारीख, निर्णय, कोणी दिला, त्याला जोडलेली अट. अटींच्या रकान्यातच पुढचे अडथळे दडलेले असतात. 'विधी विभागाच्या अभिप्रायास अधीन राहून मान्य' असे लिहिलेले असते आणि तो अभिप्राय कोणी मागितलेलाच नसतो. लेखापरीक्षक दोन वर्षांनी बरोबर तिथे बोट ठेवतो.

मग जागेवर जा, गाडीतून नाही तर पायी. बरोबर नकाशा घ्या, क्षेत्रीय कार्यालयाचा कनिष्ठ अभियंता घ्या आणि त्या भागाचा मुकादम नक्की घ्या. कोणत्या चौकात दर पावसाळ्यात पाणी साठते, कोणत्या झाकणाखाली जुनी वाहिनी आहे, कोणत्या दुकानदाराने पदपथाखाली खोली काढली आहे, हे मुकादमाला तोंडपाठ असते आणि ते कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात नसते. निदान दोन वेळा जा: एकदा सकाळी नऊला, एकदा रात्री.

या पंधरा दिवसांअखेर एका पानाचे टिपण तयार हवे: जागा किती ताब्यात, पैसा अंदाजपत्रकाच्या कोणत्या शीर्षाखाली, कोणत्या परवानग्या राहिल्या, न्यायालयात काही आहे का. यापुढे हेच पान दर महिन्याला अद्ययावत करायचे.

जागा: बहुतेक प्रकल्प इथेच अडतात

नवख्या माणसाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: जागा ताब्यात नसताना कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) निघू देऊ नका.

पुण्यातला कात्रज-कोंढवा रस्ता हे डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. राजस सोसायटी चौक ते खडीमशिन चौक, अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. विकास आराखड्यात रुंदी ८४ मीटर. २०१८ मध्ये काम सुरू झाले तेव्हा बहुतांश जागा महापालिकेच्या ताब्यात नव्हती. मालकांना टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) नको होता, रोख मोबदला हवा होता आणि तेवढा पैसा नव्हता. काम तुकड्यातुकड्यांत अडकले आणि शेवटी रुंदी ५० मीटरवर आणून पुढे जावे लागले. मधल्या वर्षांत अवजड वाहनांची वर्दळ त्याच अपुऱ्या रस्त्यावरून चालू राहिली आणि तिथे माणसे दगावली. जागेच्या तक्त्यातल्या रिकाम्या रकान्याची किंमत रस्त्यावरचा माणूस मोजतो, म्हणून या भागाला सर्वांत जास्त वेळ द्या.

क्रम असा ठेवा.

आधी भाग नकाशा आणि विकास आराखड्याचा दाखला घ्या. मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून संयुक्त मोजणी करून घ्या. मोजणीच्या दिवशी महापालिकेचा सर्वेक्षक, भूमी अभिलेखचा भूकरमापक, जागामालक आणि तुमचा अभियंता असे चौघे हजर हवेत आणि जागेवर खुणा रोवलेल्या हव्यात. केवळ उपग्रह प्रतिमेवर रेषा ओढून केलेले 'बाधित क्षेत्र' मोजणीत हमखास चुकते आणि मालक त्याच फरकावरून न्यायालयात जातो.

त्यानंतर सर्व्हे नंबरनिहाय तक्ता करा: सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरची नावे, बाधित क्षेत्र चौरस मीटरमध्ये, बांधकाम आहे का, भाडेकरू आहेत का, बँकेचा बोजा आहे का, वारसांचा वाद आहे का. एका सर्व्हे नंबरवर पंधरा-वीस नावे ही नेहमीची गोष्ट. त्यातल्या एकाची सही राहिली तरी ताबा अडतो.

मोबदल्याचे मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२६ मध्ये आहेत: सहमतीने रोख, टीडीआर किंवा चटईक्षेत्र, नाहीतर भूसंपादन. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक शहरांत लागू असलेल्या नियमांत, आरक्षित जागेच्या बदल्यात विरळ वस्तीत क्षेत्राच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. सक्तीने घ्यायची वेळ आली तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. नागरी भागात बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे मोबदला साधारण दुप्पट, शिवाय व्याज. हा हिशेब मालकांना ठाऊक असतो. टीडीआरचा भाव पडलेला असताना 'टीडीआर घ्या' एवढाच आग्रह धरला तर वर्षे जातात. म्हणून मालकांना भेटण्याआधी टीडीआरचा बाजारभाव आणि रोख मोबदल्याचा अंदाज, दोन्ही कागदावर तयार ठेवा.

कलम १२७ विसरू नका. आराखडा लागू होऊन दहा वर्षे झाल्यावर मालकाने खरेदीची सूचना दिली आणि २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. अशी सूचना आवक-जावक विभागात पडून राहिली की जागा कायमची जाते. रुजू होताच नगररचना विभागाकडे लेखी विचारणा करा: या प्रकल्पाच्या हद्दीत कलम १२७ च्या किती सूचना आल्या आहेत आणि कोणत्या तारखेच्या?

ताबा मिळाला म्हणजे ताबे पावती झाली. तिच्यावर क्षेत्र, चतुःसीमा, तारीख, दोन पंच आणि सोबत रंगवलेला नकाशा हवा. तोंडी 'तुम्ही काम करा, माझी हरकत नाही' याला काही अर्थ नाही. असे सांगणारे मालक डांबराची गाडी आली की आडवे उभे राहतात. ताबा मिळाला त्याच आठवड्यात कुंपण किंवा निदान दगड लावून घ्या. मोकळी जागा पुण्या-ठाण्यात फार दिवस मोकळी राहत नाही.

संरक्षण खाते, रेल्वे, वन विभाग आणि जलसंपदा यांच्या जागेचे प्रस्ताव सर्वांत आधी पाठवा. इथे मोबदल्यापेक्षा वेळ जास्त लागतो, कारण निर्णय शहरात होत नाही. पुणे, खडकी आणि देहू रोड या छावण्यांना लागून असलेल्या रस्त्यांची आखणी करताना हे पहिल्या दिवशी ध्यानात घ्यावे लागते.

पैसा: शीर्ष, दायित्व आणि ३१ मार्च

मंजूर तरतूद आणि हातातला पैसा यांत फरक असतो. लेखा विभागात जाऊन तीन आकडे स्वतः बघा: चालू वर्षाची तरतूद, तिच्यातून आधीच झालेला खर्च, आणि त्याच शीर्षावर बसलेले जुन्या कामांचे दायित्व, म्हणजे अजून द्यायची रक्कम. तिसरा आकडा अंदाजपत्रकाच्या पुस्तकात दिसत नाही, तो विचारूनच मिळतो.

काम एकाहून अधिक आर्थिक वर्षे चालणार असेल तर कलम ७२ (ब) खाली पुढच्या वर्षांच्या दायित्वाला मान्यता घ्यावी लागते. निविदा काढून झाल्यावर हे आठवले तर फाइल पुन्हा मागे जाते. शिवाय ही मान्यता जितकी सढळ हाताने दिली जाते तितकी पुढच्या वर्षांची अंदाजपत्रके आधीच बांधली जातात, त्यामुळे लेखा विभाग काचकूच करतो आणि त्यात त्याची चूक नसते. वर्षनिहाय खर्चाचा तक्ता खरा द्या. पहिल्या वर्षी जास्तीत जास्त १५-२० टक्के खर्च होतो. ५० टक्के दाखवलेत तर मार्चमध्ये निधी वर्गीकरणात दुसऱ्या कामाकडे जातो आणि तुमचा पुढच्या वर्षीचा शब्द हलका होतो.

केंद्राचे किंवा राज्याचे अनुदान असेल (अमृत, नगरोत्थान, वित्त आयोग) तर हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर अवलंबून असतो. पहिल्या हप्त्याच्या खर्चाची कागदपत्रे महिन्याच्या महिन्याला लावत जा. ठेकेदाराचे देयक तयार, पण दुसरा हप्ता प्रमाणपत्रावाचून अडलेला, म्हणून साइट बंद, हे चित्र अनेक शहरांत दिसते.

जमिनीखाली आणि जमिनीवर काय आहे

आराखडा अंतिम करण्याआधी चाचणी खड्डे घ्या. साधारण दर ५० मीटरला, रस्त्याच्या काटकोनात, दीड मीटर खोल चर हाताने खणायचा. जेसीबी लावला की पहिली केबल तिथेच तुटते. जे सापडेल त्याचा फोटो, खोली, व्यास आणि रस्त्याच्या मध्यरेषेपासूनचे अंतर नोंदवा. रडार सर्वेक्षण उपयोगी आहे, पण ओल्या काळ्या मातीत ते कमी दाखवते. त्याच्या जोडीला खड्डे हवेतच. जुन्या पेठांच्या भागात नकाशावर एक जलवाहिनी असते आणि खाली तीन सापडतात, त्यातली एक बंद, दोन चालू.

महावितरणच्या वाहिन्या हलवताना बहुधा १.३ टक्के देखरेख शुल्क भरून मान्यताप्राप्त ठेकेदाराकडून काम करून घेण्याचा मार्ग सोयीचा पडतो. त्यासाठी संयुक्त पाहणी, अंदाजपत्रक मंजुरी, शुल्क भरणा आणि वीजबंदीची तारीख असे चार टप्पे आहेत. बारावी-दहावीच्या परीक्षांच्या दिवसांत वीजबंदी मागू नका, मिळत नाही. गॅसवाहिनी आणि दूरसंचारच्या तारांसाठी वेगळी पत्रे, वेगळ्या तारखा. सेवावाहिन्यांचा खर्च मूळ अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरा, 'इतर' मध्ये घालू नका.

झाडांसाठी १९७५ चा नागरी क्षेत्रातला वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुनी झाडे वारसा वृक्ष ठरली आणि तोडलेल्या झाडाचे वय जेवढे तेवढी रोपे लावणे आले. यादीत प्रत्येक झाडाला क्रमांक, प्रजाती, घेर, वय आणि फोटो हवा. 'जंगली झाडे ४०' अशी नोंद हरकतीच्या सुनावणीत टिकत नाही आणि टिकूही नये. बऱ्याचदा मार्गिकेची आखणी मीटरभर सरकवली की पाच-सात मोठी झाडे वाचतात. उद्यान खात्याच्या अधिकाऱ्याला आखणीच्या टप्प्यावरच बरोबर घेतले तरच ते शक्य होते. पुनर्रोपण हा सर्व झाडांचा उपाय नाही. वड-पिंपळ तग धरतात, मोठे झालेले बरेच वृक्ष धरत नाहीत.

दोन यंत्रणा एकत्र बांधत असतील तर पातळ्यांचा एकच संदर्भबिंदू ठरवा आणि तो दोघांच्या सहीने नकाशावर घ्या. अंधेरीत गोखले पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्या पातळीत सुमारे दीड मीटर अंतर पडले होते. रेल्वेमार्गावरच्या भागाची उंची वाढली होती आणि जुन्या उड्डाणपुलाशी जोड त्या प्रमाणात आखला गेला नव्हता. पुढे व्हीजेटीआय या मुंबईतल्या अभियांत्रिकी संस्थेच्या सल्ल्याने जॅक लावून बर्फीवाला पुलाचा भाग उचलावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये जोडणी खुली झाली. हा फरक कागदावर शोधायला एका दुपारची संयुक्त बैठक पुरते: दोन्ही यंत्रणांचे उभे छेद (उंची दाखवणारे नकाशे) एकाच प्रमाणात छापून शेजारी-शेजारी ठेवायचे. हे काम विशेष प्रकल्पवाल्याचेच आहे. दोन्ही बाजूंचे अभियंते आपापल्या हद्दीपुरते बरोबर असतात.

अंदाजपत्रक आणि निविदा

क्रम ठरलेला आहे: संकल्पना, सविस्तर प्रकल्प अहवाल, चालू दरसूचीवर (शासनाने ठरवलेल्या दरांच्या यादीवर) अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, निविदा प्रारूप, ई-निविदा, दोन लिफाफे (एक पात्रतेचा, एक दराचा), स्थायी समिती, करार, कार्यादेश. फाइल अडते ती बहुधा अंदाजपत्रकात. दरसूचीत नसलेल्या बाबींसाठी निदान तीन पुरवठादारांची दरपत्रके आणि दरपृथक्करण (दर कसा निघाला याची फोड) जोडा. दरसूची मधल्या काळात बदलली असेल तर अंदाजपत्रक नव्या दराने फिरवा. जुन्या दराचे अंदाजपत्रक घेऊन बाजारात गेलात की निविदा २०-३० टक्के जादा येतात आणि सगळा फेरा पुन्हा.

पुण्याच्या नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाला जपानच्या जायका या सरकारी संस्थेचे साहाय्य २०१६ मध्ये ठरले, खर्च ९९०.२६ कोटी रुपये. जादा दराच्या निविदा आल्या, रद्द झाल्या, रचना बदलली, पुन्हा निविदा निघाल्या. प्रत्यक्ष काम २०२२ मध्ये सुरू झाले आणि खर्च १,४०० कोटींच्या पुढे गेला. जादा दराची निविदा स्वीकारणे चूक आणि नुसती रद्द करणेही अपुरे. दर जास्त का आले हे निविदापूर्व बैठकीतच कळायला हवे. त्या बैठकीत ठेकेदारांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहून घ्या. 'जागा कधी मिळणार', 'राडारोडा कुठे टाकायचा', 'भाववाढ मिळणार का' या तीन प्रश्नांना ठाम लेखी उत्तर नसेल तर ठेकेदार ती जोखीम दरात धरतो.

पात्रतेच्या अटी एखाद्यालाच लागू पडतील अशा लिहू नका. कोणी तसे सुचवले तर 'शासन निर्णयातल्या अटी घ्याव्यात' अशी टिपणी स्वतःच्या सहीने फाइलवर ठेवा. मंजुरीच्या मर्यादेखाली बसवण्यासाठी कामाचे तुकडे पाडू नका. कलम ६७ (३) (क) मधले आयुक्तांचे तातडीचे अधिकार हे खरोखर आणीबाणीसाठी आहेत, पूल धोकादायक झाला किंवा वाहिनी फुटली तर. नियोजनात गेलेला वेळ भरून काढण्यासाठी ते वापरले की लेखापरीक्षणात उत्तर देता येत नाही.

कार्यादेशाची तारीख कशी निवडायची

कागदावर १८ महिने म्हणजे साइटवर १८ महिने नव्हेत. पावसाळ्यात खोदाई बंद, म्हणजे जूनपासून सप्टेंबरअखेर रस्त्याचे काम जवळजवळ थांबते. पुण्यात पालख्या येतात तेव्हा त्यांच्या मार्गावर काही दिवस खड्डा उघडा ठेवता येत नाही. गणेशोत्सवात विसर्जन मिरवणुकीच्या मार्गावर अडथळे काढून द्यावे लागतात आणि रथांच्या उंचीचाही विचार लागतो, आडव्या तारा आणि कमानी तपासाव्या लागतात. निवडणूक जाहीर झाली की आचारसंहितेत नवे कार्यादेश थांबतात, चालू काम मात्र करता येते. म्हणून शक्य असेल तर कार्यादेश ऑगस्टमध्ये द्या. ठेकेदाराला माती परीक्षण, संकल्पचित्रे, कामगारांची छावणी आणि आरएमसी (तयार काँक्रीट) प्लांटची जुळवाजुळव करायला दोन महिने मिळतात आणि ऑक्टोबरचा कोरडा हंगाम पूर्ण हाती लागतो. एप्रिलमध्ये दिलेला कार्यादेश म्हणजे खणून ठेवलेला रस्ता आणि डोक्यावर पाऊस.

काम चालू असताना

आठवड्यातून एक बैठक, एकाच वारी, एकाच वेळी, जमेल तर साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत. प्रत्येक मुद्द्यापुढे एका माणसाचे नाव आणि एक तारीख. इतिवृत्त त्याच संध्याकाळी सगळ्यांना गेले पाहिजे. 'संबंधित खात्याने कार्यवाही करावी' हे वाक्य इतिवृत्तात कधीच येऊ देऊ नका, त्यातून कोणीच काही करत नाही.

मोजमाप पुस्तिका हा देयकाचा आधार. झाकले जाणारे काम (पाया, सळई, वाहिनीखालचा थर) झाकण्याआधी मोजून, फोटो काढून, कनिष्ठ अभियंत्याची सही घेऊन नोंदवा. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे सात आणि २८ दिवसांनी तपासतात. अहवालावर नमुना घेतल्याची तारीख आणि तो कोणत्या खांबाचा, हे दोन्ही हवे. ठोकळे चांगले आणि खांबात पोकळी, असेही होते, त्यामुळे साचा काढताना अभियंता उभा असलाच पाहिजे.

जादा बाबी आणि वाढीव परिमाण यांची मंजुरी काम करण्याआधी घ्या. बी-१ या ठरलेल्या नमुन्याच्या करारनाम्यात निविदेतल्या परिमाणाच्या २५ टक्क्यांहून जास्त झालेले काम कलम ३८ खाली वेगळ्या दराने मोजले जाते. हे न पाहता चालू देयके काढत गेलात तर अंतिम देयकाच्या वेळी वसुली निघते आणि वाद लवादापर्यंत जातो. मुदतवाढही तशीच. उशीर कोणामुळे झाला याची नोंद अडथळ्यांच्या वहीत तारखेसह त्या त्या दिवशी करा. वर्षभराने आठवून लिहिलेली कारणे कोणी मानत नाही.

देयक अडवून ठेकेदाराला धाक दाखवायची सवय लावून घेऊ नका. काम बरोबर असेल तर देयक वेळेत, चूक असेल तर लेखी नोटीस. लहान उपठेकेदार आणि मजूर यांची मजुरी याच साखळीतून येते.

नागरिक, लोकप्रतिनिधी, न्यायालय

वाहतूक वळवण्याआधी पोलिसांचे ना हरकत पत्र घ्या आणि आठवडाभर तात्पुरते अडथळे लावून चाचणी घ्या. शाळेच्या बसगाड्या, रुग्णवाहिका आणि पीएमपीच्या बस वळणार कशा, हे चाचणीतच कळते. दुकानदारांना काम सुरू होण्याच्या निदान पंधरा दिवस आधी कळवा: तुमच्या दारासमोर अमुक तारखेला खणणार, अमुक तारखेला बुजवणार, तोवर पायवाटेसाठी अशी फळी असेल. ती फळी खरोखर टाका. लोक गैरसोय सोसतात. तारीख चुकली आणि कोणी सांगितलेही नाही, हे सोसत नाहीत.

२०२२ नंतर काही वर्षे बहुतेक महापालिकांवर प्रशासक होते आणि नगरसेवकांशी बोलण्याची सवय अनेक कार्यालयांत मोडली. ती पुन्हा लावा. प्रभागातल्या नगरसेवकाला नकाशा आधी दाखवला तर तो स्थानिक हरकती बैठकीआधीच सांगतो. मागणी मान्य करता येण्याजोगी नसेल तर कारण लेखी द्या.

भूसंपादन, झाडे किंवा अतिक्रमण यांवर दावा होईल असे वाटले तर विधी विभागाकडून कॅव्हेट (आपले म्हणणे ऐकल्यावाचून आदेश देऊ नये, असा न्यायालयातला अर्ज) दाखल करून घ्या. तो ९० दिवस चालतो, मुदत संपताच नूतनीकरणाची तारीख दिनदर्शिकेत लावा. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवस आहेत, पण अहवाल, करारनामा आणि प्रगतीचे फोटो संकेतस्थळावर ठेवले तर अर्जच कमी येतात.

हस्तांतरण

काम पूर्ण झाले की घेणारे खाते कोणते हे कार्यादेशाच्या वेळीच लेखी ठरलेले हवे. पंपगृह कोण चालवणार, उद्यानाला पाणी कोण देणार, पुलाखालच्या दिव्यांचे वीजबिल कोणत्या शीर्षातून जाणार? हे उद्घाटनाच्या आठवड्यात विचारले तर कोणीच हात पुढे करत नाही आणि वास्तू कुलूपबंद राहते.

हस्तांतरणाच्या कागदांत प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेचे नकाशे, यंत्रांच्या हमीपत्रांची मूळ प्रत, चाव्यांची यादी, पुलांच्या बाबतीत भारचाचणीचा अहवाल (वजन काढल्यावर २४ तासांत आरसीसी गर्डरचा झोल (भाराने आलेला वाक) निदान ७५ टक्के आणि प्रीस्ट्रेस्ड गर्डरचा ८५ टक्के परत यायला हवा) आणि अग्निशमन दलाचा अंतिम दाखला हवा. वीजमीटर कोणाच्या नावावर आहे ते स्वतः पाहा. बांधकामासाठी घेतलेला तात्पुरता मीटर ठेकेदाराच्या नावावरच राहतो, त्याने तो बंद केला की नव्या इमारतीची लिफ्ट आणि पंप एकाच दिवशी थांबतात.

दोष दायित्व कालावधी (ठेकेदाराने स्वखर्चाने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत) कामाप्रमाणे एक ते पाच वर्षांचा असतो. संपण्याची तारीख घेणाऱ्या खात्याला, लेखा विभागाला आणि तुमच्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्याला, अशी तिन्हीकडे कळवा. त्या तारखेच्या दोन महिने आधी, आणि मधे पावसाळा येत असेल तर पावसाळा संपताच, तिघांनी मिळून पाहणी करायची: सांधे, गळती, पाण्याचा निचरा, खचलेले पेव्हर, बंद दिवे. दोषांची यादी ठेकेदाराला पोच घेऊन द्यायची आणि दुरुस्ती होऊन त्या यादीवर घेणाऱ्या खात्याच्या कार्यकारी अभियंत्याची सही आल्यावरच सुरक्षा अनामत सोडण्याच्या फाइलवर आपली सही करायची.